टॉप-अप, सुपर टॉप-अप आणि इतर पूरक आरोग्य विमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेडिक्लेम आहे, पण एवढ्यावर भागेल का, अशी शंका असलेल्या वाचकांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. खाली ‘मूळ पॉलिसी’ म्हणजे तुमचा नेहमीचा मेडिक्लेम, मग तो स्वतः घेतलेला असो वा नोकरीतून मिळालेला. ‘डिडक्टिबल’ म्हणजे पूरक पॉलिसीकडून पैसे सुरू होण्याआधी जेवढा खर्च व्हावा लागतो ती रक्कम. तो खर्च कोण भरतं हे पूरक कंपनी पाहत नाही.

१. पूरक आरोग्य विमा म्हणजे नक्की काय? तो मेडिक्लेमपेक्षा वेगळा कसा?

मूळ पॉलिसी जिथे अपुरी पडते तिथे उपयोगी पडावी म्हणून घेतलेली दुसरी पॉलिसी म्हणजे पूरक विमा. यात दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत झाली की पुढचं सगळंच चुकतं.

पहिली जात हॉस्पिटलचं बिल भरणारी: टॉप-अप आणि सुपर टॉप-अप. जेवढं मान्य बिल, तेवढेच पैसे. दुसरी जात ठरलेली रक्कम देणारी: गंभीर आजार पॉलिसी, हॉस्पिटल कॅश, वैयक्तिक अपघात विमा. यांना बिलाच्या आकड्याशी देणंघेणं नसतं. अट पूर्ण झाली की ठरलेले पैसे मिळतात, आणि मेडिक्लेममधून बिल भरून निघालेलं असलं तरी मिळतात. पहिल्या जातीत एकाच खर्चाचे पैसे दोनदा मिळत नाहीत. दुसऱ्या जातीत चार कंपन्यांच्या पॉलिसी असल्या तर चौघींकडे क्लेम करता येतो.

२. माझ्याकडे अजून काहीच नाही. थेट सुपर टॉप-अप घेतला तर स्वस्तात काम होईल का?

घेता येतो. मूळ पॉलिसी असल्याशिवाय सुपर टॉप-अप मिळत नाही हा गैरसमज आहे. डिडक्टिबलएवढी रक्कम खिशातून भरली तरी चालते. पण बहुतेक ॲडमिशन लहान असतात: डेंग्यू, अपेंडिक्स, मोतीबिंदू, मूतखडा. ५ लाखांच्या डिडक्टिबलखाली ही सगळी बिलं येतात, म्हणजे तुम्ही हप्ता भरत राहाल आणि प्रत्येक बिलही स्वतःच भराल.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी स्वतःच्या नावावर निदान ५ लाखांची मूळ पॉलिसी, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जाणार असाल तर १० लाखांची. मग सुपर टॉप-अप. मग अपघात विमा. त्यानंतर पैसे उरले तर गंभीर आजार. हॉस्पिटल कॅश सगळ्यात शेवटी. थेट सुपर टॉप-अप फक्त त्यानेच घ्यावा ज्याच्याकडे डिडक्टिबलएवढे पैसे मुदत ठेवीत खरोखर बाजूला ठेवलेले आहेत, किंवा मधुमेह, हृदयविकार यांमुळे ज्याला मूळ पॉलिसी कोणी देतच नाही.

३. टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत फरक काय? नाव तर सारखंच वाटतं.

टॉप-अपमध्ये डिडक्टिबल प्रत्येक क्लेमला वेगळं लागतं. सुपर टॉप-अपमध्ये पॉलिसी वर्षातल्या सगळ्या बिलांची बेरीज करून एकदाच लागतं.

समजा मूळ पॉलिसी ५ लाखांची आहे आणि पूरक पॉलिसीचं डिडक्टिबलही ५ लाख. जूनमध्ये खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालं, बिल ४ लाख. डिसेंबरमध्ये हृदयाचा त्रास, पुन्हा ४ लाख. मूळ पॉलिसी पहिले ४ आणि मग उरलेला १ असे ५ लाख देईल. राहिले ३ लाख. साधा टॉप-अप म्हणेल, एकही बिल ५ लाखांच्या वर गेलेलं नाही, आम्ही काही देणं लागत नाही. सुपर टॉप-अप ८ लाखांची बेरीज धरेल, ५ वजा करेल आणि ३ लाख देईल.

टॉप-अपला एक सवलत असते: एकाच आजारासाठी शेवटच्या उपचारानंतर ४५ दिवसांच्या आत पुन्हा भरती व्हावं लागलं, तर ते बहुतेक वेळा एकच आजारपण धरलं जातं. तरीही दोहोंच्या हप्त्यात फरक थोडा असतो, आणि त्या थोड्या फरकासाठी साधा टॉप-अप घेण्यात काही अर्थ नाही. पॉलिसीच्या नावात ‘सुपर’ आहे का, यावर जाऊ नका. डिडक्टिबल ‘वार्षिक एकत्रित’ आहे की ‘प्रत्येक क्लेमला’, हे अटींमध्ये वाचा.

४. डिडक्टिबल किती ठेवू? जास्त ठेवलं तर हप्ता कमी होतो ना?

होतो, पण डिडक्टिबल मूळ पॉलिसीच्या विमा रकमेएवढंच ठेवा. मूळ ५ लाख आणि डिडक्टिबल १० लाख असेल तर मधल्या ५ लाखांची जबाबदारी कोणाचीच नाही, म्हणजे तुमची. उलट मूळ ५ लाख आणि डिडक्टिबल ३ लाख असेल तर जास्त हप्ता भरून थोडा भाग दोनदा झाकल्यासारखं होतं.

मूळ पॉलिसीत क्लेम नसल्याचा बोनस साचून ५ लाखांचे ७ लाख झाले असले तरी डिडक्टिबल ५ लाखच असू द्या. बऱ्याच पॉलिसींत क्लेम झाला की बोनस घटतो. ज्याचा भरवसा नाही त्याच्यावर डिडक्टिबल बेतू नये.

आणखी एक बघायचं: ‘२० लाखांचा सुपर टॉप-अप, ५ लाख डिडक्टिबल’ म्हणजे साधारणपणे ५ लाखांच्या वर २० लाख, एकूण २५ लाखांचं संरक्षण. माहितीपत्रकात आकडे मांडण्याची तऱ्हा कंपनीगणिक बदलते, म्हणून कंपनी जास्तीत जास्त किती देईल हे ईमेलवर लेखी विचारून घ्या.

५. ऑफिसचा विमा आहे. तो पुरेसा नाही का?

नोकरी आहे तोवर चांगला. त्यात बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून जुने आजार धरलेले असतात, बाळंतपणही असतं. अडचण नोकरी सुटण्याच्या दिवशी येते. संरक्षण सहसा त्याच दिवशी संपतं, आणि वयाच्या पन्नाशीला नवी पॉलिसी घ्यायला गेलात की रक्तदाब, साखर, गुडघे यांची चौकशी सुरू होते.

ऑफिसच्या ३ किंवा ५ लाखांवर स्वतःचा सुपर टॉप-अप घेणं हा चांगला पहिला टप्पा आहे. पण नोकरी गेली की डिडक्टिबलएवढा खड्डा उघडा पडतो हे गृहीत धरा. काही सुपर टॉप-अप ठरावीक वर्षांनी डिडक्टिबल कमी किंवा रद्द करण्याची मुभा देतात. पन्नाशीजवळच्या नोकरदाराने हीच सोय असलेली पॉलिसी शोधावी. शिवाय समूह विम्यातून बाहेर पडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो. तो राजीनाम्याच्या नोटिशीच्या काळातच करा, शेवटच्या दिवसानंतर नको.

ऑफिसच कमी हप्त्यात टॉप-अप देत असेल तर घ्या, पण त्याला स्वतःचा विमा समजू नका. नोकरीबरोबर तोही जातो.

६. महात्मा फुले योजना आणि आयुष्मान कार्ड असताना याची गरज काय?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्रातल्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार देते आणि आता तिला उत्पन्नाची अट राहिलेली नाही. केंद्राने २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड खुलं केलं आहे. कुटुंबातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून वर्षाला ५ लाख. खासगी मेडिक्लेम असलेल्यांनाही ते काढता येतं. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. ही कार्डं काढून ठेवाच.

पण या योजना ठरावीक यादीतले उपचार ठरावीक रुग्णालयांत पॅकेजप्रमाणे देतात. तुमच्या डॉक्टरांचं हॉस्पिटल योजनेत नोंदलेलं नसेल किंवा उपचार यादीत नसेल तर कार्ड चालत नाही. आणि योजनेतल्या उपचाराचं बिल रुग्णाच्या नावावर निघत नाही, म्हणून ‘५ लाख योजनेतून, त्यावरचे सुपर टॉप-अपमधून’ असा हिशेब धरू नका. योजनेत दाखल व्हायचं असेल तर पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा. एकदा खासगी रुग्ण म्हणून बिल सुरू झालं की मागे फिरणं अवघड होतं.

ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे) सभासद असाल, तर पगाराची मर्यादा (सध्या महिना २१,००० रुपये) ओलांडल्यावर ते संरक्षण पुढे राहत नाही हे लक्षात ठेवून पगारवाढीच्या आधीच स्वतःची पॉलिसी सुरू करा.

७. सुपर टॉप-अप घेण्यापेक्षा मूळ पॉलिसीचीच रक्कम वाढवली तर?

दोन्ही आकडे समोर ठेवून ठरवा. मूळ पॉलिसी ५ वरून २५ लाख करायला किती हप्ता वाढतो ते विचारा आणि २० लाखांच्या सुपर टॉप-अपशी ताडून बघा. बहुतेक वेळा सुपर टॉप-अप बराच स्वस्त पडतो. मूळ रक्कम वाढवण्याचा फायदा वेगळा आहे: एकच कंपनी, एकच क्लेम, एकच कॅशलेस (म्हणजे कंपनीने हॉस्पिटलला थेट पैसे देणं). घरात कागदपत्रांच्या मागे धावणारं कोणी नसेल, मुलं परगावी असतील, तर थोडा जास्त हप्ता देऊन हा साधेपणा घेणं शहाणपणाचं आहे.

‘रिस्टोअर’ किंवा ‘रिफिल’ सोय असलेल्या पॉलिसीला सुपर टॉप-अपची गरज कमी भासते, पण संपत नाही. विमा रक्कम संपल्यावर ती पुन्हा भरते खरी, तरी अनेक पॉलिसींत ती पुढच्या क्लेमलाच वापरता येते, त्याच मोठ्या बिलाला नाही. काही ठिकाणी त्याच आजाराला तर मुळीच नाही. एकच बिल १२ लाखांचं झालं तर अशा वेळी रिस्टोअर कामाला येत नाही, सुपर टॉप-अप येतो.

८. मधुमेह आणि बीपी आहे. माझ्या मेडिक्लेमचा वेटिंग पिरियड संपलाय, मग सुपर टॉप-अपला तो पुन्हा लागेल का?

लागतो. वेटिंग पिरियड म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतर ठरावीक आजारांना पैसे मिळत नाहीत तो काळ, आणि नवी पॉलिसी म्हणजे नवं घड्याळ. मूळ पॉलिसीत काढलेली वर्षं सुपर टॉप-अपला लागू होत नाहीत. पोर्ट करताना वर्षांचं श्रेय मिळतं, पण पोर्ट म्हणजे एका कंपनीची पॉलिसी सोडून तशीच दुसऱ्या कंपनीची घेणं. त्यासाठी नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा.

पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, सांधेबदल अशा ठरावीक उपचारांना वेगळी प्रतीक्षा असते. आधीपासूनच्या आजारांना २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने. त्याहून कमी ठेवणाऱ्या कंपन्या आहेत, त्या शोधा.

अर्जात प्रत्येक गोळी लिहा. ‘थोडीशी साखर आहे, लिहू नका’ असं एजंटने सांगितलं तरी लिहा. थायरॉइड, जुनी ॲडमिशन, धूम्रपान, सगळं. सुपर टॉप-अपचे क्लेम मोठ्या रकमेचे असतात, त्यामुळे त्यांची छाननी कडक होते. डिस्चार्ज समरीत ‘गेली दहा वर्षं मधुमेह’ अशी एक ओळ आली आणि अर्जात तो नसला, की क्लेम तिथेच अडकतो. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणाने कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. पण त्या पाच वर्षांत काही होणार नाही असं धरून चालणं हा जुगार आहे. विमा रक्कम वाढवलीत तर वाढीव भागाचे ६० महिने वाढवल्या दिवसापासून मोजतात, हेही ध्यानात असू द्या.

९. आईवडील ६८ आणि ७२ वर्षांचे आहेत. आता त्यांना मिळेल का?

वय ६५ झालं म्हणून दार बंद, ही जुनी गोष्ट झाली. वरच्या वयोमर्यादेचं बंधन २०२४ मध्ये नियामकाने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने) काढून टाकलं. मात्र कोणत्या वयाला कोणतं उत्पादन विकायचं हे कंपनी ठरवते, आणि तपासणीनंतर नकार किंवा वाढीव हप्ता येऊ शकतो. ज्येष्ठांच्या मूळ पॉलिसीला बऱ्याचदा २० टक्के को-पे (बिलाचा तेवढा भाग तुम्ही भरायचा), कमी रूम रेंट अशा अटी असतात. म्हणून आईवडिलांसाठी सुपर टॉप-अप निवडताना त्यात को-पे नसलेला शोधा.

त्यांना तुमच्या फ्लोटरमध्ये, म्हणजे घरातल्या सगळ्यांना मिळून एकच विमा रक्कम असलेल्या पॉलिसीत, घालू नका. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वात मोठ्या वयावर ठरतो आणि त्यांच्या एका क्लेमने मुलांचंही संरक्षण रिकामं होतं. त्यांची पॉलिसी वेगळी ठेवा. जानेवारी २०२५ पासून ६० वर्षांपुढच्यांचा हप्ता एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. ७२ वर्षांच्या पालकांचं वय वंदना कार्ड आजच काढा (प्रश्न ६).

१०. दोन कंपन्यांच्या पॉलिसी आहेत. क्लेम करायचा कसा?

ठरवून होणारं ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी, तातडीची भरती असेल तर २४ तासांत दोन्ही कंपन्यांना कळवा. ही चूक सर्वाधिक होते: मूळ कंपनीला कळवतात आणि दुसरी विसरतात. दोन्हीकडून क्लेम क्रमांक घेऊन लिहून ठेवा.

हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर दोन्ही कार्डं द्या. मूळ पॉलिसीचं कॅशलेस आधी होतं. नियमाप्रमाणे कंपनीने पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. बिल मूळ रकमेच्या वर जाणार हे दिसायला लागलं की डेस्कला दुसऱ्या कंपनीकडे कॅशलेसची विनंती पाठवायला सांगा. अनेक हॉस्पिटलं दुसरं कॅशलेस करायला तयार होत नाहीत. मग फरकाची रक्कम भरून नंतर मागावी लागते, त्यामुळे तेवढी सोय हाताशी ठेवा. दोन्ही पॉलिसी एकाच कंपनीच्या असतील तर हा त्रास जवळपास राहत नाही.

नंतर मागताना लागतात ते कागद: डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, तपासण्यांचे अहवाल, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, स्टेंट किंवा इम्प्लांट असल्यास त्याचं स्टिकर आणि बिल, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मूळ कंपनीचं क्लेम सेटलमेंट पत्र. ओरिजिनल कागद पहिल्या कंपनीकडे जातात. त्यामुळे देण्याआधी प्रत्येक पानाचा रंगीत स्कॅन करा आणि त्यांच्याकडून किंवा हॉस्पिटलकडून साक्षांकित प्रती मागून घ्या. कागद द्यायची मुदत पॉलिसीत असते, बहुधा डिस्चार्जपासून १५ ते ३० दिवस. सेटलमेंट पत्र यायला उशीर होत असेल तर मुदतीच्या आत दुसऱ्या कंपनीला तसा ईमेल करा.

११. पहिलं बिल डिडक्टिबलच्या आतच होतं. ते सुपर टॉप-अप कंपनीला कळवायचं का?

हो. सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज करतो, आणि बेरजेत पहिलं बिल दाखवायचं तर त्याचे कागद तुमच्याकडे हवेत. जूनच्या बिलाच्या प्रती डिसेंबरमध्ये हॉस्पिटलच्या रेकॉर्डमधून काढणं किती कटकटीचं असतं ते ज्याला करावं लागतं त्यालाच कळतं. वर्षातल्या प्रत्येक ॲडमिशनची, दिवसभराच्या उपचारांचीही, वेगळी फाइल ठेवा.

१२. मूळ कंपनीने बिलातून रक्कम कापली. ती सुपर टॉप-अपमधून मिळेल का?

कशामुळे कापली यावर आहे. ग्लोव्हज, मास्क, डायपर अशा वस्तूंची ६८ बाबींची यादी आहे. तुमच्या पॉलिसीत ‘कन्झ्युमेबल्स’चं जोडसंरक्षण नसेल तर त्यांचे पैसे कोणतीच कंपनी देत नाही. रूम रेंटमुळे झालेल्या कपातीचं तसं नाही.

एक हिशेब पाहा. मूळ पॉलिसी ५ लाखांची, खोलीची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये. तुम्ही ८,००० ची खोली घेतली. एकूण बिल ५,८०,०००. त्यात न मिळणाऱ्या वस्तू ३०,०००. खोली, डॉक्टर, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर मिळून २,४०,०००. उरलेले ३,१०,००० औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटचे. मर्यादेच्या वर खोली घेतल्याने कंपनी आठातले पाच या प्रमाणातच पैसे देते आणि बाकीचे कापते, पण फक्त त्या २,४०,००० मधून. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांवर ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. कपात झाली ९०,०००. मूळ कंपनीने दिले ४,६०,०००.

सुपर टॉप-अपमध्ये खोलीला मर्यादा नसेल तर तो स्वतःच्या नियमाने मान्य बिल ५,५०,००० धरतो, ५ लाख वजा करतो आणि ५०,००० देतो. एकूण मिळाले ५,१०,०००. तुमच्या खिशातून ७०,०००: त्यातले ३०,००० वस्तूंचे आणि ४०,००० दोन पॉलिसींच्या मधल्या फटीत गेलेले. खोली ५,००० ची घेतली असती तर ही फट पडलीच नसती. भरतीच्या वेळी खोलीचा वर्ग विचारतात, तेव्हा पॉलिसीतला आकडा तोंडपाठ हवा.

१३. दोन्ही पॉलिसींच्या तारखा वेगळ्या आहेत. काही बिघडतं का?

बिघडतं, आणि हे विकताना कोणी सांगत नाही. मूळ पॉलिसी १ एप्रिलची, सुपर टॉप-अप १ ऑक्टोबरचा. जूनमध्ये ४ लाखांचं बिल, नोव्हेंबरमध्ये ४ लाखांचं. प्रश्न ३ मधल्यासारखाच हिशेब, पण इथे सुपर टॉप-अपचं वर्ष ऑक्टोबरला नव्याने सुरू झालं. जूनचं बिल मागच्या वर्षात गेलं. नव्या वर्षात फक्त ४ लाख, म्हणजे डिडक्टिबलच्या आत. मिळणार शून्य, आणि ३ लाख तुमचे.

म्हणून सुपर टॉप-अप घेतानाच मूळ पॉलिसीची तारीख गाठा. ऑफिसच्या विम्याचं वर्ष कधी सुरू होतं ते एचआरला विचारा. आधीच वेगळ्या तारखांच्या पॉलिसी असतील तर केवळ त्यासाठी जुनी बंद करून नवी घेऊ नका, वेटिंग पिरियड पुन्हा सुरू होईल (प्रश्न ८). कंपनीला तारीख जुळवून मिळते का ते विचारा.

१४. सुपर टॉप-अप फ्लोटर घ्यावा की प्रत्येकाचा वेगळा?

नवरा-बायको आणि मुलं असतील तर फ्लोटर. फ्लोटरमध्ये घरातल्या सगळ्यांची बिलं एकत्र होऊन डिडक्टिबल ओलांडलं जातं, हा त्याचा मोठा गुण आहे. फक्त दोन्ही पॉलिसींत माणसं तीच हवीत. मूळ फ्लोटरमध्ये चौघं आणि सुपर टॉप-अपमध्ये तिघं असतील, तर चौथ्याने मूळ रक्कम वापरून टाकल्यावर त्याचं बिल सुपर टॉप-अपच्या बेरजेत धरलं जाणार नाही.

१५. गंभीर आजार पॉलिसी आहे. अँजिओप्लास्टी झाली. पैसे मिळतील का?

सहसा नाही. या पॉलिसीत आजारांच्या व्याख्या नियामकाने ठरवून दिल्या आहेत. बायपासच्या व्याख्येत छाती उघडून केलेली शस्त्रक्रिया येते, अँजिओप्लास्टी वगळलेली आहे. काही कंपन्या अँजिओप्लास्टीसाठी वेगळी, छोटी रक्कम देतात, ती यादीत स्वतंत्रपणे लिहिलेली असावी लागते. कर्करोग म्हणजे ‘ठरावीक तीव्रतेचा’, अगदी सुरुवातीच्या जागेवरच असलेल्या अवस्थेला पैसे मिळत नाहीत. पक्षाघातात कायमची इजा राहिल्याचा पुरावा लागतो. मूत्रपिंड निकामी होणं म्हणजे नियमित डायलिसिस किंवा प्रत्यारोपण.

शिवाय सुरुवातीचे साधारण ९० दिवस संरक्षण नसतं, आणि निदानानंतर ठरलेले दिवस, बहुधा ३०, रुग्ण जिवंत असावा लागतो. एकदा पूर्ण रक्कम मिळाली की पॉलिसी संपते.

असं असूनही कमावत्या माणसाने, विशेषतः स्वतःचा धंदा असलेल्याने, ही पॉलिसी जरूर घ्यावी. केमोथेरपीचं बिल मेडिक्लेम भरेल, पण वर्षभर बंद राहिलेलं दुकान, घराचा हप्ता, मुलांची फी, मुंबईत टाटाला उपचारासाठी राहण्याचा खर्च तो भरत नाही. दोन ते तीन वर्षांचा घरखर्च अधिक कर्जाचे हप्ते, एवढी रक्कम धरा. निवृत्तांना तिचा उपयोग कमी आणि हप्ता फार जड असतो.

१६. टर्म इन्शुरन्सबरोबर गंभीर आजाराचा रायडर मिळतोय. तोच घेऊ का?

रायडर, म्हणजे आयुर्विम्याला जोडलेलं जादा संरक्षण, ‘ॲक्सलरेटेड’ आहे का ते विचारा. तसा असेल तर आजारपणात दिलेली रक्कम मृत्यूनंतरच्या रकमेतून वजा होते. १ कोटीतले २५ लाख आधी घेतले की घरच्यांना ७५ लाखच. वजा न होणारा रायडर असेल तर हरकत नाही.

१७. हॉस्पिटल कॅश पॉलिसी कितपत उपयोगी?

दिवसाला २,००० रुपयांची पॉलिसी, पहिले २४ तास वगळलेले, पाच दिवस ॲडमिट राहिलात: मिळाले ८,०००. आयसीयूला बहुधा दुप्पट. मेडिक्लेमला हा पर्याय नाही. रिक्षाचालक, भाजीविक्रेते, घरकाम करणाऱ्या बायका, ज्यांचा ॲडमिट असल्या दिवसाचा रोज बुडतो, त्यांना सरकारी योजनेच्या जोडीला ती खरी मदत होते. पगारी रजा मिळणाऱ्याने हाच हप्ता सुपर टॉप-अपकडे वळवावा.

१८. अपघात विमा वेगळा कशाला? मेडिक्लेममध्ये अपघात येतोच ना?

अपघाताचं हॉस्पिटल बिल येतं. पाय गमावल्यावर बुडालेली कमाई येत नाही. वैयक्तिक अपघात विमा मृत्यू, कायमचं पूर्ण किंवा अंशतः अपंगत्व यांना ठरलेली रक्कम देतो. जोडसंरक्षण घेतल्यास, घरी पडून राहावं लागलेल्या आठवड्यांचेही पैसे मिळतात. हप्ता वयापेक्षा कामाच्या धोक्यावर ठरतो. रोज दुचाकीवर फिरणाऱ्या माणसाकडे हा हवाच.

बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वयाला आहे: मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख. वर्ष १ जून ते ३१ मे. मे अखेरीस खात्यात पैसे नसतील तर संरक्षण खंडित होतं. घरातल्या प्रत्येक खात्याचं तपासा.

१९. कर आणि जीएसटीचं काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. सुपर टॉप-अपलाही तेच लागू. ऑफिसच्या समूह विम्याला ही सूट नाही.

जुनी करप्रणाली निवडली असेल तर आरोग्य विम्याच्या हप्त्यावर (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०-डी) स्वतः, जोडीदार आणि मुलांसाठी २५,००० रुपयांपर्यंत, आईवडिलांसाठी आणखी २५,०००, ते ६० च्या पुढे असतील तर ५०,००० पर्यंत वजावट मिळते. मूळ, सुपर टॉप-अप, गंभीर आजार यांचे हप्ते मिळून ही मर्यादा आहे. हप्ता रोखीने भरला तर वजावट नाही. अपघात विम्याचा हप्ता यात धरू नका.

२०. आम्ही अमेरिकेत असतो. आईवडील सहा महिने येतात. त्यांचा भारतातला सुपर टॉप-अप इथे चालेल का?

पॉलिसीत परदेशातले उपचार स्पष्ट लिहिलेले नसतील तर चालत नाही, आणि बहुतेकांत नसतात. त्यांच्यासाठी प्रवास विमा किंवा तिथला पाहुण्यांसाठीचा विमा वेगळा घ्या, आणि त्यात आधीच्या आजाराच्या अचानक उसळीला किती संरक्षण आहे ते पाहा. अमेरिकेत ‘पूरक विमा’ म्हणजे मेडिकेअरच्या (तिथल्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याच्या) जोडीचा मेडिगॅप. तो मेडिकेअरधारकांनाच मिळतो, पर्यटक व्हिसावर आलेल्यांना नाही. ते तिकडे असताना भारतातल्या पॉलिसींचं नूतनीकरण चुकू देऊ नका. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, पण हप्ता भरण्याआधी त्या दिवसांत आजारपण आलं तर संरक्षणाची खात्री नाही.

२१. पॉलिसी घेतली, पण अटी आत्ता वाचल्या. परत करता येईल का?

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. तपासणीचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि संरक्षण मिळालेल्या दिवसांचा हप्ता वजा होऊन बाकी पैसे मिळतात. अर्जाची प्रत पॉलिसीसोबत येते. एजंटने तुमच्या वतीने भरलेल्या उत्तरांत चूक दिसली तर याच काळात लेखी दुरुस्त करून घ्या.

२२. सुपर टॉप-अपचा क्लेम नाकारला. पुढे काय?

नकाराचं पत्र लेखी मागा, त्यात पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली नाकारला ते असलं पाहिजे. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचबरोबर नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवता येते. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाची मुदत आहे.

तक्रारीत राग नको, कागद हवेत. डिडक्टिबलच्या हिशेबावरून वाद असेल तर एका पानावर तक्ता करा: प्रत्येक बिलाची तारीख, एकूण रक्कम, मूळ कंपनीने दिलेली रक्कम, कपात आणि तिचं कारण, आणि सुपर टॉप-अपच्या कलमाप्रमाणे तुम्हाला येणारा आकडा. माहिती दडवल्याचा आरोप असेल तर निदान नेमकं कधी झालं हे सांगणारं डॉक्टरांचं पत्र आणि त्याआधीचे तपासणी अहवाल जोडा. डिस्चार्ज समरीत जुन्या आजाराची वर्षं चुकीची पडली असतील तर आधी हॉस्पिटलकडून ती दुरुस्त करून, शिक्क्यासह नवी प्रत घ्या.